‘आई, हे येतंय मला!’ : घरी शिकणाऱ्या चटपटीत पोराला गणित कुठलं द्यायचं?

(वही कॅमेऱ्यासमोर धरून)

ही वही बघा. पहिल्या पानावर सगळ्या बेरजा बरोबर. चौथ्या पानावर निम्म्याच सोडवलेल्या. आणि सातव्या पानावर बेरीज नाहीच, मांजर आहे. मिशांसकट.

नमस्कार मंडळी, सोलापूरहून बोलतेय. आमची लेक सहाव्या वर्षापासून घरीच शिकते, वही तिचीच. मला वाटलं, पोरगी आळशी झाली. मग एकदा भाकरी थापता थापता तोंडी विचारलं, 57 अधिक 28? मान वर न करता म्हणाली, पंच्याऐंशी. डोकं पळत होतं, दुखत होता तो हात! तेव्हापासून आम्ही बरंचसं तोंडी करतो, कागदावर फक्त चार-पाच गणितं.

सगळ्यांचा सल्ला एकच: पुढच्या इयत्तेचं पुस्तक दे की. दिलं. तीन आठवड्यांत संपलं आणि मांजर परत आलं. कारण गणितं त्याच जातीची होती, आकडे तेवढे मोठे. अशा मुलाला पुढचं पान नको असतं, अडायला लावणारं गणित हवं असतं.

पण पुस्तक विकत घ्यायच्या आधी मूल कुठे आहे ते बघा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रत्येक धड्याची शेवटची दोन-तीन गणितं द्या, जिथे अडेल तिथून सुरुवात. आमच्याकडे बेरीज-वजाबाकी तिसरीची निघाली आणि घड्याळ पहिलीचं. म्हणजे ‘माझं मूल तिसरीचं गणित करतं’ हे वाक्य नातेवाइकांना सांगायला ठीक, पुस्तक निवडायला उपयोगाचं नाही.

आता पुस्तकं. घरी शिकवणाऱ्यांत सिंगापूर गणिताचं नाव हमखास निघतं. सिंगापूरच्या शाळांसाठी 1982 मध्ये ही पुस्तकं आली. आधी वस्तू हातात, मग चित्र, मग अंक. त्यातल्या पट्ट्या मला फार आवडतात. ताईकडे भावापेक्षा 12 शेंगा जास्त, दोघांच्या मिळून 40. भावाकडे किती? दोन पट्ट्या काढायच्या, ताईची लांब. जास्तीचा तुकडा झाकला की उरल्या 28, त्याचे निम्मे 14. ‘क्ष’ न आणता बीजगणिताचा विचार झाला!

दुसरं, बीस्ट अकॅडमी. धडे कॉमिकच्या रूपात, राक्षसांची पोरं गणित शिकतात. गणितं मात्र खरोखर अवघड. कायम बरोबर यायची सवय असलेलं मूल इथे पहिल्यांदा चुकतं, आणि ते सोपं नसतं. आमच्याकडे पुस्तक थेट पलंगाखाली गेलं होतं. दोन दिवसांनी तिनेच काढलं. शिवाय सगळं इंग्रजीत, त्यामुळे मराठीतून शिकणाऱ्या मुलाशेजारी बसून अर्थ सांगावा लागतो. हे आधी मोजा.

तिसरी, सॅक्सनची पुस्तकं, म्हणजे थोडं नवीन आणि भरपूर उजळणी. विसरणाऱ्या मुलाला छान, आमच्या मांजरवालीला शिक्षा. खान अकॅडमी ही वेबसाइट फुकट आहे, मराठीतही आहे. मी ती भोकं बुजवायला वापरते, म्हणजे ते घड्याळ. (दाखले, परीक्षा, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, यावर वेगळा व्हिडिओ करेन, आज नको.)

आणि आपल्या घरातलं विसरू नका. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय? सोपं करायला ते ठीकच आहे. पण चटपटीत पोराला जुने शब्द म्हणजे कोडं आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत हाच नियम. मग 99 ला एकोणशंभर का नाही? लेकीने विचारलं, मी अजून उत्तर शोधतेय.

उजळणी तर हवीच, मग ती अशी करून घ्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, त्यांचा 6174 हा आकडा. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा 3524. मोठ्यात मोठी संख्या 5432, लहानात लहान 2345, वजा करा: 3087. पुन्हा तेच: 8730 वजा 0378, 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, 6174! कुठूनही निघा, शेवटी इथेच पोचता; जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. हातच्याच्या पंधरा वजाबाक्या मी सांगितल्या असत्या तर मांजर आलं असतं. इथे ती ‘माझा आकडा चुकवून दाखवते’ म्हणून स्वतःच करत बसली.

परवा आमच्या ‘सात रस्ता’ चौकात सिग्नलला थांबलो होतो. म्हटलं, एका रस्त्याने यायचं आणि दुसऱ्याने जायचं, किती प्रकारे जमेल? मी मनात 42 धरून बसले होते. ती म्हणाली, 49. कसे गं? तिने समोर बोट दाखवलं. एक रिक्षावाले काका आल्या रस्त्यानेच परत वळत होते.