मधला माणूस कोण?

नमस्कार मंडळी. विषय आहे अमेरिकेतल्या सरकारी युनिव्हर्सिटीतून बाहेर पडणारी पोरं कमावतात किती आणि डोक्यावर कर्ज किती घेऊन निघतात. तिथल्या शिक्षण खात्याने २०१५ मध्ये कॉलेज स्कोअरकार्ड नावाची साइट नव्या रूपात आणली, कॉलेजचं नाव टाकलं की मीडियन पगार आणि मीडियन कर्ज समोर येतं, आणि मग आईबाप काय करतात तर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवतात, पगार मोठा दिसला की म्हणतात चला, फिटेल.

पण मीडियन म्हणजे काय हो? सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोब्बर मधला माणूस. त्याच्या मागे अर्धी रांग आहे, आपलं पोरगं त्यात नसेल कशावरून? शिवाय रांगेत घेतलंय कोणाला, तर केंद्र सरकारची ग्रँट नाहीतर लोन घेतलेल्यांनाच, घरच्या पैशावर शिकलेले मोजलेलेच नाहीत. आणि खरी गंमत पुढे आहे. तो पगार ॲडमिशनपासून दहा वर्षांनी मोजत आलेत आणि त्यात मधेच कॉलेज सोडलेलेही धरतात, कर्जाचा आकडा मात्र डिग्री पूर्ण केलेल्यांचा. म्हणजे दोन आकड्यांतली माणसंच वेगळी! आईबापांनी स्वतःच्या नावावर काढलेलं लोन किंवा प्रायव्हेट बँकेचं लोन, तेही त्या कर्जात येत नाही.

आता कर्ज जरा जवळून बघू. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला सरकारी लोन पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. चार वर्षांचे झाले २७,०००. व्याज ६.३९ टक्के धरा, २०२५-२६ चा दर आहे हा. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ३०५ डॉलर, म्हणजे एकूण साडेछत्तीस हजारांच्या पुढे. आणि यातलं सगळं लोन सबसिडाइज्ड नसतं बरं का, सबसिडाइज्ड लोनवर शिकत असताना सरकार व्याज भरतं, दुसऱ्यावर पैसे हातात आल्या दिवसापासून मीटर चालू, पोरगं लेक्चरला बसलंय आणि व्याज वाढतंय, हे बऱ्याच जणांना पहिला हप्ता आल्यावर कळतं.

मला विचाराल तर जास्त काळजी २७,००० वाल्याची नाही. दोन सेमिस्टर करून घरी बसलेल्याची आहे. त्याचं कर्ज असेल पाचेक हजार, ऐकायला किरकोळ, पण हातात डिग्री नाही त्यामुळे पगारही तसाच, आणि कॉलेज सोडल्यावर सहा महिन्यांची सवलत संपली की हप्ता सुरू. थोडं कर्ज असलेलेच जास्त प्रमाणात बुडतात ते यामुळे. २७० दिवस हप्ता चुकला की डिफॉल्ट, म्हणजे कर्ज बुडवलं असं धरतात, मग सरकार कोर्टात न जाता पगारातून कापू शकतं, टॅक्सचा रिफंडही अडवू शकतं.

मागून कोणीतरी विचारतंय, मग बघायचं काय? कॉलेजचा एकच आकडा नको, त्याच साइटवर विषयवार पगार असतो तो उघडा, एकाच कॉलेजात नर्सिंग आणि नाटक यांच्यात केवढं अंतर पडतं ते दिसेल. आणि पगाराच्याही आधी ग्रॅज्युएशन रेट बघा, शंभर पोरं आत गेली तर डिग्री घेऊन बाहेर किती आली. तो आकडाही त्याच साइटवर असतो.