तानसाचा वनपिंगळा

घुबड बघायचं म्हणजे अंधार पडायची वाट बघावी लागते. वनपिंगळा मात्र दिवसाउजेडी शिकार करतो. म्हणून पहाटेच्या कसारा लोकलनं आपण आटगावला उतरलोय आणि रिक्षानं तानसा अभयारण्य गाठलंय.

फेब्रुवारी आहे. सागाची पानगळ झालीय, फांद्या उघड्या पडल्यात. पाचोळ्यावर पाय पडला की अख्ख्या रानाला कळतं, म्हणून आपण गाडीवाटेनंच चालतोय. मोबाइलवर हाक वाजवून पक्षी बोलावू नका, असं वाटाड्यानं आधीच बजावलंय. योग्यच आहे ते. हद्दीत दुसरा आला असं समजून पिंगळा शिकार सोडून धावत येतो.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडलाच नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश कर्नलनं मात्र १९१४ साली गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला होता. धादांत खोटा! संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यानं त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे भलतीकडेच फिरत राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा बनाव उघडा पाडला आणि खरे नमुने जिथून आले होते, तिथं शोध घ्यायचं ठरवलं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वनपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! तानसात तो आहे हे कळायला २०१४ उजाडलं. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या काठचं हे रान. इथं तो असेल असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

वाटाड्या थांबलाय. डावीकडे, निष्पर्ण सागाच्या आडव्या फांदीवर बघा. साधा पिंगळा आहे का? त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं आहे. छातीवर तपकिरी रंग दाट, पोट पांढरंशुभ्र, पायांवर नखांपर्यंत पांढरी पिसं. शरीराच्या मानानं डोकं आणि चोच केवढी दांडगी! आणि ती शेपटी, डावी-उजवीकडे झटझट हलतेय. हाच तो.

नजर खाली पाचोळ्यावर खिळलीय. झेप... आणि पंजात सापसुरळी घेऊन तो परत फांदीवर.

हा पिंगळा झाडाच्या ढोलीत घरटं करतो. ढोल पडायला झाड जुनं व्हावं लागतं आणि सरपणासाठी नेमकं तेच आधी तोडलं जातं. आपल्या वाटाड्याला इथली ढोलीची झाडं माहीत आहेत. वीण चालू असली की तो तिकडे कुणालाच नेत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी.