पाणी अडतंय कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

ठिबकला ऑटोमेशन बसवलं की पहिले काही महिने माणूस निर्धास्त असतो. ठरल्या वेळी पंप सुरू होतो, एका प्लॉटचा व्हॉल्व्ह मिटतो, दुसऱ्याचा उघडतो आणि मोबाईलवर हिरवी खूण येते. मग एक दिवस एका कोपऱ्यातली झाडं माना टाकतात. आणि मोबाईलवरची खूण? हिरवीच!

मग सगळा राग कंट्रोलरवर निघतो. पण तो बिचारा फक्त हुकूम सोडतो. लाईनवर वॉटर मीटर किंवा प्रेशर सेन्सर जोडलेला नसेल, तर हुकूम पाळला गेला का हे त्याला कळायला मार्गच नाही. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच, की व्हॉल्व्हला वीज सोडली. झाडापर्यंत पाणी गेलं, असं ती कुठेच म्हणत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की पान्याला हात लावण्याआधी दोन आकडे बघा. फिल्टरनंतरच्या गेजवर दाब किती आहे, आणि मीटरमधून तासाला पाणी किती जातंय. नुसता दाब बघून फसायला होतं, नुसतं मीटर बघूनही तेच. दोन्ही एकत्र वाचले, की पाणी कुठे अडतंय किंवा कुठे निसटतंय ते बरंचसं उघड होतं. फक्त प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडल्यावर लाईन पूर्ण भरू द्या. दहाएक मिनिटं थांबा आणि मग वाचा.

समजा प्रवाह नेहमीपेक्षा कमी आहे आणि दाब मात्र वाढलाय. मग अडथळा गेजच्या पुढे आहे. एक तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, नाहीतर झाडाशी थेंब सोडणारे ड्रिपर चोंदलेत. दोन्ही आकडे कमी असतील तर मागे चला. विहिरीतली पातळी, विहिरीतल्या पाइपच्या तोंडाचा फूट व्हॉल्व्ह, सक्शनमधून हवा ओढली जातेय का, पंप, फिल्टर. आणि प्रवाह वाढलाय, दाब पडलाय, असं असेल तर पाणी भलतीकडे जातंय. पाइप फुटलाय, लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या नळीची, एंड कॅप निघालीय, किंवा...

हे 'किंवा' मला फार महाग पडलं होतं. ऐका.

चौथ्या प्लॉटच्या शेवटच्या ओळी कोरड्या राहत होत्या. मी चौथ्या प्लॉटच्या व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे विजेवर तो उघडणारी तारेची गुंडाळी, बदलली. केबल तपासली, सांधे नव्याने केले. लॅटरल धुतल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सहज मीटरकडे लक्ष गेलं, तर प्रवाह नेहमीपेक्षा जास्त! चौथ्या प्लॉटला पाणी कमी आणि मीटरमधून मात्र जास्त. चालत दुसऱ्या प्लॉटवर गेलो, तर तिथे ड्रिपर टपटपत होते. त्याची वेळ कधीच संपलेली होती, व्हॉल्व्ह मात्र मिटलाच नव्हता. एका प्लॉटच्या पाण्यावर दोन प्लॉट भिजत होते. आजार दुसऱ्याला आणि औषध चौथ्याला, असा माझा कारभार.

व्हॉल्व्ह मिटला का नाही, हे समजायला त्याची आतली करामत माहीत हवी. आपल्याला वाटतं, कॉइल पाणी अडवते. एवढ्याशा कॉइलमध्ये तेवढं बळ कुठलं? पाण्याला पाणीच अडवतं. आत एक रबरी पडदा असतो. येणारं पाणी एका सुईएवढ्या भोकातून पडद्याच्या वरच्या कप्प्यात चढतं. पडद्याला खालून जेवढ्या जागेवर पाणी भिडतं, त्यापेक्षा वरची जागा मोठी, म्हणून वरचा जोर भारी पडतो आणि पडदा बसतो. कॉइलला वीज मिळाली की ती एक छोटा दट्ट्या उचलते, वरच्या कप्प्यातलं पाणी पुढे निघून जातं आणि पडदा उठतो. आता ते सुईएवढं भोकच बुजलं, तर वरचा कप्पा भरणार कसा? पडदा उठलेलाच राहतो. कंट्रोलरने वीज तोडली तरी पाणी चालूच.

दुसऱ्या प्लॉटच्या त्या भोकात टेफलॉन टेपची एक धांदोटी अडकली होती. ती टेप कुणी गुंडाळली होती, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही.

व्हॉल्व्ह मिटत नसेल तर आणखी तीन गोष्टी बघा. हाताने पाणी सोडायचा स्क्रू ढिला राहिलाय का? पडद्याखाली खडा किंवा काडी आहे का? आणि नवीनच बसवलेला असेल तर अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का? दाब फारच कमी असला तरीही पडदा नीट बसत नाही, हे विसरू नका.

व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर तो स्क्रू हलकेच सैल करून हाताने उघडून बघा. हाताने उघडला, पाणी वाहिलं, तर दोष बहुधा कॉइलचा किंवा वायरचा. २४ व्होल्ट एसीवर चालणाऱ्या कॉइलचा रोध साधारण २० ते ६० ओहम भरतो. मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय, शून्याजवळ दाखवत असेल तर कॉइल जळलीय. व्होल्टेज मोजताना मात्र कॉइल जोडलेली ठेवा. गंजलेला सांधा मोकळ्या वायरवर २४ व्होल्ट ऐटीत दाखवतो आणि कॉइलचा भार पडला की मान टाकतो. बॅटरीवरच्या कॉइलचं तंत्र वेगळं. तिला उघडायला आणि मिटायला फक्त एकेक झटका मिळतो, आणि दोन वायरी उलट जोडल्या तर सगळंच उलटं होतं.

फिल्टरचं काम सोपं, म्हणूनच ते राहून जातं. आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला दाबाचा फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या वर गेला, की धुवा.

राहिले ड्रिपर. एक मग, एक मोजपात्र आणि घड्याळ घ्या. सहा मिनिटं पाणी धरा. ड्रिपर ताशी चार लिटरचा असेल तर ४०० मिलिलिटर भरायला हवं, दोन लिटरचा असेल तर २००. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. शेवटाकडे कमी होत गेलं तर दाब पुरत नाही. सगळीकडे सारखंच कमी असेल तरी आधी दाबच तपासा. साध्या ड्रिपरला दाब पाव झाला की पाणी निम्मं होतं. मधेच एखादा कोरडा, एखादा ठीक, असं दिसलं तर ते चोंदणं. पांढरी पुटं क्षारांची, तांबूस चिखल लोहाचा, बुळबुळीत थर शेवाळाचा किंवा जिवाणूंचा. क्षारांना आम्ल, बुळबुळीला क्लोरीन. आम्ल नेहमी पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीच नाही. आणि ही दोन्ही औषधं एका वेळी, एका टाकीत कधीही घालू नका. त्यातून विषारी वायू निघतो. नंतर लाईन धुताना आधी मेन पाइप, मग त्यातून प्लॉटकडे फुटणारी सबमेन, शेवटी लॅटरल.

आता मी सारखं 'नेहमीपेक्षा' म्हणत आलो. तुमचं 'नेहमी' किती, ते ठाऊक आहे का? सगळं धडधाकट चालू असेल त्या दिवशी प्रत्येक प्लॉटचा दाब आणि प्रवाह व्हॉल्व्ह बॉक्सच्या झाकणावर आतून पक्क्या शाईने लिहून ठेवा. मीटर जोडलेल्या कंट्रोलरला बहुधा नेहमीचा प्रवाह शिकवायची सोय असते. दुरुस्ती संपून लाईन धुऊन झाल्यावरच ती सोय वापरा. आधी शिकवलंत, तर चोंदलेल्या लाईनचाच आकडा तो बरोबर मानेल आणि पुन्हा हिरवी खूण दाखवत बसेल.

नमस्कार.