स्क्रीनवरची लाट आणि दहावीतली त्रिकोणमिती

सीआरओ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप, विजेची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप) शिकवायला बसलं की बहुतेक ठिकाणी नॉबपासून सुरुवात होते, हा व्होल्ट पर डिव्हिजन (एका उभ्या चौकोनाला किती व्होल्ट), हा टाइम पर डिव्हिजन (एका आडव्या चौकोनाला किती वेळ), हा ट्रिगर, आणि मुलं लाट स्थिर होईपर्यंत नॉब फिरवत राहतात. डीएसओवर, म्हणजे डिजिटल स्कोपवर, तर ऑटो बटण दाबलं की झालं. पण मला अगदी मनापासून वाटतं की त्रिकोणमिती सोबत घेतल्याशिवाय हे यंत्र हातात येत नाही, आणि त्रिकोणमिती समजून घ्यायलाही यासारखी दुसरी जागा नाही.

दहावीत साइन येतो काटकोन त्रिकोणातून, समोरची बाजू भागिले कर्ण, मग मनोऱ्याची उंची काढा. तिथे कोन ९० च्या पुढे फारसा जातच नाही. स्क्रीनवर तो थांबतच नाही, ३६० झाले की पुन्हा शून्यापासून. आणि हे फिरणं खरंखुरं आहे बरं का, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातले जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०, आणि ग्रिडवरचे बाकीचे सगळेही त्याच तालात बांधलेले. छोटा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून तुम्ही जी लाट बघता ती त्याच फिरण्याची वरखाली, वेळेवर आडवी पसरलेली. (प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या वायरची, क्लिप घरातल्या मेन्सच्या विजेला थेट कधीही लावू नका, ती आतून अर्थला जोडलेली असते, जिवावर बेतेल.) एक फेरा २० मिलिसेकंदांचा, टाइम पर डिव्हिजन ५ मिलिसेकंदांवर ठेवा, चार चौकोनांत एक लाट बसते, म्हणजे एक चौकोन बरोब्बर ९० अंश. एवढं दिसलं की मुलं वेळ वाचता वाचता कोन वाचायला लागतात.

मग प्रश्न येतोच, ट्रान्सफॉर्मर १२ चा आणि शिखर १७ च्या आसपास का? कारण १२ हा आरएमएस आकडा, म्हणजे लाटेच्या वर्गाची सरासरी काढून त्याचं वर्गमूळ. साइनचा वर्ग केला की तो एक वजा कॉस दुप्पट कोन, भागिले दोन होतो, त्यातला कॉस पूर्ण फेऱ्यात शून्य होऊन जातो, उरतो अर्धा, त्याचं वर्गमूळ ०.७०७. घरातल्या २३० चं शिखरही असंच ३२५ ला जातं.

आता ट्रिगर, म्हणजे लाट कुठल्या उंचीला आली की स्क्रीनवर चित्र सुरू करायचं ते, इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. ही उंची, म्हणजे लेव्हल, शिखराच्या निम्म्यावर ठेवली तर लाट त्या उंचीवरून एका फेऱ्यात दोनदा जाते, ३० अंशाला चढताना आणि १५० ला उतरताना, कारण दोन्हींचा साइन अर्धाच. मग यंत्राने सुरुवात कुठून करायची? म्हणून स्लोपचं बटण, चढताना की उतरताना ते निवडायला. पाठ करायची गरजच नाही, साइन ३० बरोबर साइन १५० हे कळलं की बटण कळलं.

पुढे फेज, म्हणजे एक लाट दुसरीपेक्षा किती अंश पुढे-मागे. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले, फंक्शन जनरेटरवर (हव्या त्या वारंवारतेची लाट देणारं यंत्र) १६०० हर्ट्झ, एक चॅनल इनपुटला, दुसरा कपॅसिटरवर. दुसरी लाट साधारण ७८ मायक्रोसेकंद मागे पडलेली दिसते, पूर्ण फेरा ६२५ चा, भागा, ३६० ने गुणा, ४५ अंश. आधी कागदावर टॅन काढून ठेवलेला असेल, २ पाय एफ आर सी (एफ वारंवारता, आर रेझिस्टर, सी कपॅसिटर), तर तो जवळपास १ येतो आणि टॅन ४५ म्हणजे १. कागद आणि स्क्रीन जुळले की मुलांचे चेहरे बघा तुम्ही.

तेच एक्स-वाय मोडमध्ये टाका, म्हणजे एक लाट आडवी आणि दुसरी उभी, तिरपी लंबवर्तुळ आकृती येते, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिसाजूने १८५० च्या दशकात ट्युनिंग फोर्कला आरसे लावून दाखवली होती तीच. मधल्या उभ्या रेषेवरची उंची भागिले सगळ्यात जास्त उंची म्हणजे साइन, इथे ०.७. पण ०.७ म्हणजे ४५ की १३५? पुन्हा तीच जोडी. आकृती उजवीकडे झुकली तर ४५, डावीकडे झुकली तर १३५. पुढे कोण नि मागे कोण हे मात्र यात कळत नाही, कारण वेळच काढून टाकलाय, त्यासाठी दोन्ही लाटा शेजारी शेजारीच बघाव्या लागतात.

आणि हा ०.७०७ यंत्राच्या अंगातही आहे. वीस मेगाहर्ट्झ बँडविड्थचा (किती वारंवारतेपर्यंत चालतो त्याचा आकडा) स्कोप म्हणजे तिथपर्यंत सगळं अचूक असा समज असतो, तर तसं नाही, २० मेगाहर्ट्झची १ व्होल्टची साइन लाट त्यावर साधारण ०.७ व्होल्टच दिसते, त्यामुळे मोजायच्या लाटेपेक्षा बराच वरच्या बँडविड्थचा स्कोप घ्या.