कूलरची मागची बाजू

(दृश्य : सकाळची वस्ती. खिडक्यांना बाहेरून लावलेले पत्र्याचे कूलर. नळावर बादल्यांची रांग.)

नागपूरचा मे महिना. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. एवढं दरवर्षी होत नाही, पण पाऱ्याने पंचेचाळीशी ओलांडणं इथे कुणाला नवीन नाही. टिनाच्या छपराखाली दुपार काढायची तर आधार एकच, कूलर.

(दृश्य : उघडलेला कूलर, आतला भाग.)

पत्र्याची पेटी. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाला पाण्याचा टब, टबात बुडवलेला पंप आणि पुढे मोठा पंखा. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांमधून झिरपत पुन्हा टबात येतं. पंखा बाहेरची कोरडी झळ या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि घरात गारवा येतो. विदर्भाचा उन्हाळा कोरडा, म्हणून हे जमतं. पाऊस पडून हवा दमट झाली, की याच कूलरसमोर अंग चिकचिकतं.

(दृश्य : कूलरच्या मागे उभी बाई. बाजूची ताटी ओढून काढते, बादली उचलते.)

कूलरची हवा पुढून येते, पाणी मात्र मागून भरावं लागतं. पुढे सगळं घर बसलेलं असतं, मागे ही एकटी. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन. आधी ताटी काढायची, ती भिजून जड झालेली असते. मग बादली छातीपर्यंत उचलायची, कलती करायची आणि धार पंपाच्या वायरवर पडू नये म्हणून मान वाकडी करून बघत ओतायची. पायाखाली सांडलेलं पाणी, हात पत्र्याला टेकलेला, आणि पुष्कळदा कूलर चालूच. वायरचं आवरण कुठे सोललेलं असेल आणि घरात अर्थिंग नसेल, तर हा पत्रा जीव घेतो. विदर्भात उन्हाळा आला की अशा बातम्या येतातच.

हे मनगट जरा जवळून बघा. आतल्या बाजूला बारीक आडव्या रेघा आहेत. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. एक अजून लाल आहे. कापलेल्या पत्र्याची कड तशीच सोडलेली असते, ताटी काढताना ती हाताला लागते.

(दृश्य : एक तरुणी अंगणात बसून वहीत रेखाटते आहे. पडद्यावर तिचं नाव, खाली ‘औद्योगिक डिझायनर, नागपूर’.)

त्या मनगटाचं चित्र काढणारी ही मुलगी नागपूरचीच. औद्योगिक डिझाइन शिकून ती गावी परत आली आणि पहिला हात घातला तो कूलरला. कूलर बनवणाऱ्याने पुढे बसणाऱ्याचा विचार केला, पाणी भरणारीचा केला नाही, हे तिचं म्हणणं. आमचंही तेच म्हणणं आहे, म्हणून ही फिल्म.

(दृश्य : वहीची पानं. त्यात एका पानावर लोटा.)

वहीत हा लोटा कसा आला? चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. डिझाइनचं शिक्षण भारतात कसं असावं, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी लोट्याचं मनापासून कौतुक केलं आणि तो नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावं लागेल तेही मांडलं. हाताचा आकार केवढा? ताकद किती? तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असताना तोल कसा राहतो, ओतताना कसा? आतून घासायला हात जातो का? या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं ते १९६९ मध्ये.

लोट्याचे हे प्रश्न तिने कूलरला लावले.

(दृश्य : ती बायकांशी बोलते आहे. मग टेपने मापं घेते.)

सुरुवातीला ती त्रास काय होतो ते विचारायची. उत्तर ठरलेलं. “तरास कायचा? कूलर हाय ना घरी, मंग अजून काय पाहिजे?” तेव्हा तिने विचारणं सोडलं आणि सांगितलं, “काकू, तुम्ही रोजच्यासारखं पाणी भरा. मी नुसती बघते.”

बघताना जे दिसलं ते कुणी तोंडाने सांगितलं नसतं. टबात पाणी किती उरलं हे बघायची सोय कूलरला नाही, पण काकू स्वयंपाक करता करता ओळखतात. “आवाजावरून समजते ना. पाणी सरलं का पंप घरघर करते.” आता या क्षणी त्यांनी पोळी लाटता लाटता मान वर केली, ती त्या घरघरीनेच.

टेप कशाला, तेही सांगायला हवं. भारतीय माणसांच्या शरीरमापांची मोठी आकडेवारी देबकुमार चक्रवर्ती यांनी जमवली आणि एनआयडीने ती १९९७ साली प्रसिद्ध केली. उभं राहिल्यावर कोपर किती उंचीवर येतं, हात पुढे कुठवर पोचतो, मुठीत केवढी जाडी मावते, हे सगळं त्यात आहे. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. पण पोचण्याची उंची सरासरीवर बेतली, तर सरासरीपेक्षा बुटक्या बायकांचं काय? म्हणून अशा ठिकाणी शंभरातल्या सर्वांत बुटक्या पाच जणींचा हात धरून माप काढतात. त्यांना जमलं की इतरांना जमतंच. पुस्तकातली मापं आणि गल्लीतली मापं ती शेजारी शेजारी लिहिते आहे. नागपूरचा कूलर आहे, तर माप नागपूरच्या हाताचं हवं.

(दृश्य : पुठ्ठा, कटर, चिकटपट्टी. अंगणात पुठ्ठ्याचा कूलर.)

मग पुठ्ठ्याचे नमुने. पाणी ओतायचं तोंड पेटीच्या आत न ठेवता बाहेर काढायचं, एवढं ठरलं होतं. त्याला एक अडचण होती. तोंड हवं तितकं खाली नेता येत नाही, टबातल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं तर पाणी तिथूनच उलटं बाहेर येईल. म्हणून पेटीच्या बाजूला, पातळीच्या किंचित वर, वरून पसरट आणि खाली निमुळतं होत टबात उतरणारं तोंड आलं. काकूंनी त्याला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, “हे तं चाडंच झालं ना वं पोरी!” तिफणीवर बियाणं सोडायचं चाडं. लग्नाआधी माहेरच्या शेतात त्या त्यावर मूठ धरायच्या. तेव्हापासून सगळ्यांनी त्याला चाडंच म्हटलं.

चाड्याच्या काठाशी बादली टेकवायला कठडा आला, तो काकूंच्या शेजारणीमुळे. तिचा खांदा दुखतो. ती पुठ्ठ्यासमोर उभी राहिली आणि बादली टेकवायला जागा शोधू लागली, ते इथे नीट दिसतं. आता बादली कठड्यावर ठेवायची, दम घ्यायचा, मग कलती करायची.

(दृश्य : पत्र्याचं वर्कशॉप. कातर, हातोडी, ठिणग्या.)

पत्र्याचं काम सुरू झालं ते या वर्कशॉपमध्ये. मिस्त्री उन्हाळ्याआधी रात्रंदिवस कूलरच्या पेट्या ठोकतात. पत्र्याची कड आत दुमडायची एवढं तिने कागदावर काढून आणलं होतं. मिस्त्रींनी दुमडीत जाड तार घातली आणि हातोडीने कड गोल वळवली, घमेल्याच्या काठासारखी. बोट फिरवून बघा, कुठेही लागत नाही. शिवाय पत्रा ताठ राहतो. नवा टब तळाला एका कोपऱ्याकडे उतरता केला आहे आणि त्याच कोपऱ्यात बूच. बूच काढलं की सगळं पाणी निघून जातं, तळाला साचून राहत नाही. हे फार गरजेचं आहे. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी टबाच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा टब रिकामा करून घासायचा.

चाडं प्लॅस्टिकचं आहे, ओतताना ओला हात पत्र्याला लागू नये म्हणून. आणि ही वर आलेली लाल टोकाची काडी म्हणजे सायकलचा स्पोक, खाली थर्माकोलचा तुकडा. पाणी उतरलं की काडी उतरते. तरीही प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, आणि अर्थिंग हवंच. हे ती प्रत्येक घरात सांगते.

वस्तीतल्या काही घरांत असे कूलर उन्हाळाभर चालले, खांदे आणि मनगटं सुखावली. बाजारात अजून आलेले नाहीत. तारेच्या कडेमुळे आणि चाड्यामुळे पेटीची किंमत वाढते.

(दृश्य : कळमना मार्केट. संत्र्यांचे ढीग, निवडणारे हात.)

तिचं दुसरं काम संत्र्याचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची साल सैल, सोलायला सोपी, पण हीच गोष्ट तोडताना नडते. फळ ओढून तोडलं तर देठापाशी साल फाटते आणि तिथून ते सडायला लागतं. थोडा देठ ठेवून कात्रीने कापायला हवं. त्याला वेळ लागतो, आणि मजुराला पैसे मिळतात ते भरलेल्या क्रेटचे.

(दृश्य : काटोलकडचा बगीचा. गळ्यात झोळी अडकवलेला मजूर शिडीवर.)

ही तिने शिवून आणलेली झोळी. तळ खालून उघडतो, फळं क्रेटमध्ये घरंगळत उतरतात, वरून ओतावी लागत नाहीत. मजुराने ती गळ्यात घातली, शिडी चढला, आणि उतरल्यावर सांगितलं, “पट्टा गळ्यात नको ताई. फांदीत अडकला तं माणूस लटकंन.” पट्टा दोन्ही खांद्यांवर हवा आणि एका झटक्यात सुटला पाहिजे, ही त्याची मागणी. ती तिथेच, क्रेटवर बसून पट्ट्याची शिवण उसवते आहे. संत्र्याच्या दोन बहारांपैकी आंबिया बहाराचा तोडा आता संपत आला. मृग बहाराची फळं फेब्रुवारीपासून उतरायला लागतील, आणि नवी झोळी आधी याच मजुराच्या खांद्यावर जाणार आहे.