जाळीला भोक होतं

(पडद्यावर: कृष्णधवल चित्रण. उघड्या डोंगरांच्या पायथ्याशी मैदान, जवळच समुद्र.)

चिलीच्या उत्तर टोकाचं आरिका हे बंदर. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला आताकामाचं वाळवंट. ६ जून १९६२. विश्वचषकाचा साखळी सामना सुरू आहे, सोव्हिएत युनियन विरुद्ध उरुग्वे. गोलफलक १-१.

उजव्या बगलेवरून इगोर चिस्लेन्को फटका मारतो. चेंडू जाळीत. पंच गोल देतात. उरुग्वेचे खेळाडू पंचांना गराडा घालतात, हातवारे, आरडाओरडा. फुटबॉलमध्ये हे नेहमीचंच. पण या वेळी ते खरं बोलत होते. बाजूच्या जाळीला भोक होतं आणि चेंडू बाहेरून त्या भोकातून आत शिरला होता.

रशियन कर्णधार चिस्लेन्कोकडे गेला. विचारलं, गोल झाला का? चिस्लेन्को म्हणाला, नाही. कर्णधार वळला आणि इटालियन पंचांना खुणेनं सांगितलं: गोल नाही. पंचांनी निर्णय फिरवला.

त्या कर्णधाराचं नाव इगोर नेत्तो.

जरा हिशेब मांडू. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत. बरोबरी झाली असती तरी रशियन संघ पुढे गेला असता. हरला असता, तर मात्र उरुग्वे त्याच्या वर सरकला असता आणि घरचं तिकीट काढायची वेळ येऊ शकली असती. म्हणजे या प्रामाणिकपणाची किंमत शून्य नव्हती. अजून बराच खेळ बाकी होता. ८९ व्या मिनिटाला वालेन्तिन इवानोवनं गोल केला, तेव्हा कुठे रशियन बाकावर सगळ्यांना श्वास घेता आला.

(पडद्यावर: जुन्या मॉस्कोतल्या गल्ल्या, अंगणात चेंडू खेळणारी मुलं.)

नेत्तोचा जन्म ९ जानेवारी १९३० चा, मॉस्कोतला. आडनाव ऐकायला इटालियन, घराणं मूळचं एस्टोनियाकडचं. मॉस्कोतल्या त्या पिढीची पोरं उन्हाळ्यात चेंडू आणि हिवाळ्यात बर्फावरची हॉकी खेळत. नेत्तोही स्पार्ताक या मॉस्कोतल्या क्लबकडून दोन्ही खेळला. पुढे हॉकी सुटली, फुटबॉल राहिला. १९४९ मध्ये तो स्पार्ताकच्या मुख्य संघात आला आणि १९६६ पर्यंत दुसऱ्या कुठल्या क्लबकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. ३६८ लीग सामने, पाच विजेतेपदं.

जागा लेफ्ट-हाफची, आजच्या भाषेत मिडफिल्डर. उंच, सडपातळ, मान लांब. चेंडू हवेत भिरकावणं त्याला मुळीच पटत नसे. जमिनीवरून, छोटे पास, पायातून पायात. सहकाऱ्याकडून चूक झाली की तो भर मैदानात त्याच्यावर ओरडे, आणि आवाज असा की लोकांनी नाव पाडलं ‘गूस’. रशियनमध्ये हा बदकासारखा लांब मानेचा पक्षी, फिस्कारत माणसाच्या अंगावर धावून जाणारा. नाव मानेमुळे पडलं की फिस्कारण्यामुळे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही लागू होतं.

आता एक गोष्ट, जी त्या काळी वर्तमानपत्रात येणं शक्यच नव्हतं.

(पडद्यावर: बर्फ. काटेरी तार.)

इगोरचा थोरला भाऊ लेव. युद्धात जर्मनांच्या हाती सापडला, अमेरिकनांनी सोडवला, मायदेशी परतला. स्तालिनच्या राज्यात परत आलेला युद्धकैदी म्हणजे संशयित. १९४८ मध्ये लेवला अटक झाली. शिक्षा २५ वर्षं. रवानगी उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या नोरील्स्कला, श्रमछावणीत. १९५३ मध्ये तिथे कैद्यांचा उठाव झाला, त्यातही लेव होता. धाकटा भाऊ मॉस्कोत हजारो लोकांसमोर खेळतोय, थोरला बर्फात राबतोय. आणि धाकटा नुसता खेळत नव्हता. १९५४ पासून तो देशाच्या संघाचा कर्णधार होता. लेव सुटला १९५६ मध्ये.

स्पार्ताकला ही तऱ्हा नवी नव्हती म्हणा. क्लब उभा करणारे स्तारोस्तिन बंधूच छावण्यांत जाऊन आले होते.

(पडद्यावर: मेलबर्न, १९५६. ऑलिम्पिकची मिरवणूक.)

त्याच वर्षीचं मेलबर्न ऑलिम्पिक. इथे आपलाही एक धागा जुळतो. उपांत्य फेरीत भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. पहिला गोल भारताचा, नेव्हिल डिसोझाचा. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा. आधीच्या सामन्यात त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. पण युगोस्लाव्हियानं चार गोल केले आणि भारताचं सुवर्णपदकाचं स्वप्न तिथेच संपलं.

युगोस्लाव्हिया अंतिम फेरीत गेला. समोर नेत्तोचा संघ. या दोघांचं जुनं वैर होतं. १९५२ मध्ये फिनलंडमधल्या ऑलिम्पिकला हे संघ भिडले, तेव्हा रशियन १-५ वरून ५-५ वर आले होते आणि फेरसामन्यात १-३ नं हरले. स्तालिन आणि युगोस्लाव्हियाचा नेता टिटो यांचं बिनसलेलं. पराभवाची शिक्षा म्हणून लष्कराचा अख्खा क्लबच बरखास्त झाला. नेत्तो ते दोन्ही सामने खेळला होता. चार वर्षांनी मेलबर्नला इल्यिनच्या एकुलत्या गोलवर हिशेब चुकता झाला.

संघ जहाजानं व्लादिवोस्तोकला उतरला आणि तिथून आगगाडीनं मॉस्कोला निघाला. सायबेरियाच्या थंडीत स्टेशनास्टेशनावर माणसं उभी.

१९५८ चा विश्वचषक बराचसा दुखापतीनं खाल्ला. मग १९६०, पॅरिस, पहिला युरोपियन चषक. अंतिम सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. त्यांचा गोल नेत्तोला लागूनच आत गेला असं काही जण मानतात. जादा वेळेत पोनेदेल्निकनं हेडरवर गोल केला, २-१. चषक नेत्तोनं उचलला. सोव्हिएत युनियन किंवा रशियाच्या पुरुष संघाला युरोपचं ते विजेतेपद त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.

(पडद्यावर: जगाचा नकाशा. सायप्रस, यारोस्लाव्ल, तेहरान, अथेन्स, बाकू.)

खेळणं थांबलं आणि प्रशिक्षकाची फिरस्ती सुरू झाली. सायप्रसमध्ये ओमोनिया. मग यारोस्लाव्लचा शिन्निक. टायर कारखान्यातल्या कामगारांवरून पडलेलं हे नाव. १९७० च्या सुमारास थेट इराणचा राष्ट्रीय संघ, तोही शहाच्या काळात. इराणनं १९६८, १९७२ आणि १९७६ असे तीन आशियाई चषक जिंकले. नेत्तो नेमका यातल्या पहिल्या दोहोंच्या मधला. पुढे अथेन्सचा पानिओनिओस, आणि १९७९ मध्ये बाकूचा नेफ्तची, म्हणजे तेलकामगारांचा संघ.

कुठेच तो फार रमला नाही. मोठी ट्रॉफीही हाती लागली नाही. माझ्या मते अडचण साधी होती. स्वतःला जे सहज जमे, ते समोरच्याला का जमत नाही, हे त्याला कळत नसावं. पायातून पायात चेंडू फिरवायला पायही तसे लागतात. मैदानात कर्णधार असताना ओरडणं चालून जातं, कारण पुढच्याच क्षणी तो स्वतः चेंडू मिळवून दाखवतो. बाकावर बसलेल्या माणसाकडे फक्त आवाज उरतो.

(पडद्यावर: रिकामं मैदान, संध्याकाळ.)

शेवटची वर्षं अवघड गेली. अल्झायमरनं स्मरणशक्ती पोखरली. ज्याला कोणता खेळाडू कुठे धावणार हे आधीच दिसायचं, त्याला रोजचं सुचेना. ३० मार्च १९९९ ला नेत्तो गेला. मॉस्कोत वागान्कोवोच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. देशासाठी ५० किंवा त्याहून अधिक सामने खेळलेल्यांची जी यादी रशियात ठेवतात, तिला नाव ‘इगोर नेत्तो क्लब’. त्याचे स्वतःचे सामने ५४.

थोरला लेव मात्र २०१७ पर्यंत जगला, आणि नोरील्स्कमध्ये काय झालं ते अखेरपर्यंत सांगत राहिला.

(पडद्यावर: पुन्हा आरिका. रिकामा गोल, वाऱ्यानं हलणारी जाळी.)

१९६२ च्या विश्वचषकाच्या नोंदी आजही कुणालाही पाहता येतात. चार गोलांसह इवानोव सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या रांगेत आहे. त्यातला चौथा, तो ८९ व्या मिनिटाचा. चिस्लेन्कोपुढे आकडा आहे दोन. एक कोलंबियाविरुद्ध, एक चिलीविरुद्ध.