बर्फ पडण्याआधीचे तीन आठवडे

[दृश्य: पहाट. गॅरेजचं दार वर जातं. अंगणातलं गवत दवाने पांढरं पडलेलं.]

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात तळ्यांच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा धरू लागलाय, जमिनीवर मात्र स्नो, म्हणजे वरून पडणारा भुसभुशीत बर्फ, अजून टिकत नाही. स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेली, स्नोवर चालणारी गाडी. तिच्या अनुदानावर सांभाळलेल्या वाटा इथे १ डिसेंबरला उघडतात आणि ३१ मार्चला बंद होतात. म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. हिवाळा मजेत जाईल, की दर शनिवारी कुणाचं तरी यंत्र दोरीने ओढत आणावं लागेल, हे आत्ता, या गॅरेजमध्ये ठरतं.

गुलमर्गला चालकाच्या मागे बसून स्नोमोबाईलची एक चक्कर मारलेली मराठी मंडळी पुष्कळ असतील. मिनेसोटात स्थायिक झालेल्या कुटुंबांना मात्र हा खेळ शेजारी, शाळेत, ऑफिसात सगळीकडे भेटतो. या यंत्राची जन्मभूमीच जवळ आहे. पोलारिसचं पहिलं यंत्र १९५६ साली याच राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो गावात बनलं. इथले लोक त्याला नुसतं ‘स्लेड’ म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

[दृश्य: स्लेडचं पुढचं कव्हर उघडलं जातं.]

सुरुवात उंदरांपासून. उन्हाळाभर बंद पडलेल्या स्लेडमधली एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी पेटी, ही त्यांची आवडती जागा. सीटचा फोम कुरतडून तिथे घरटं करतात. न बघता इंजिन चालू केलं तर तो कापूस आत ओढला जातो. एअरबॉक्स, एक्झॉस्टचं तोंड आणि वायरिंग टॉर्च लावून बघा.

मग पेट्रोल. मार्चमध्ये स्टॅबिलायझर न घालता ठेवलेलं पेट्रोल आता चिकट झालेलं असतं. कार्ब्युरेटरची भोकं त्याने बारीक होतात, इंजिनाला इंधन कमी पडतं, मिश्रणात हवा जास्त होते. टू-स्ट्रोक इंजिनात अशा वेळी पिस्टन इतका तापतो की त्याला भोक पडू शकतं. म्हणून जुनं पेट्रोल काढून टाका आणि ताजं भरा. बॅटरी पूर्ण चार्ज करून थोडा वेळ तशीच ठेवा. मीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. कूलंट निम्मं ग्लायकोल, निम्मं पाणी असेल तर उणे ३५ अंशांच्याही खाली गोठत नाही.

[दृश्य: हातात बेल्ट. कॅमेरा दात्यांच्या अगदी जवळ.]

आता थोडं थांबू, कारण वाटेत स्लेड थांबली की पहिला संशय याच्यावर जातो. ड्राइव्ह बेल्ट. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तोच हा कारभार. एक क्लच इंजिनावर, दुसरा मागच्या शाफ्टवर, मध्ये रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या क्लचच्या दोन चकत्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर आपोआप बदलत जातो.

बेल्ट काढा आणि बोटांमधून सावकाश फिरवा. दात्यांच्या मुळाशी चीर आहे का? कडेचे धागे सुटलेत का? बाजू आरशासारख्या चकाकतायत का? आणि हे बघा, इथे एकाच ठिकाणी बेल्ट अरुंद झालाय. हे जुनेपणाने होत नाही. रात्री ट्रॅक, म्हणजे स्लेडला पुढे ढकलणारा खालचा रबरी पट्टा, जमिनीला गोठून चिकटला, सकाळी कुणीतरी तसाच थ्रॉटल दाबला. ट्रॅक हलला नाही, क्लच फिरत राहिला आणि बेल्ट त्या एका जागी भाजला. आता सुटताना दर वेळी धक्का बसणार आणि कधीतरी तो तिथेच तुटणार. त्यामुळे निघण्याआधी मागचा भाग उचलून, आपटून ट्रॅक मोकळा करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागायला हवी.

क्लचच्या चकत्या अल्कोहोलने पुसा. बोटाचं ग्रीससुद्धा बेल्टला घसरवतं. नवा बेल्ट पहिले ५० किलोमीटर सौम्यपणे चालवा, थ्रॉटल पूर्ण दाबू नका. जुना चांगला असेल तर तो सीटखाली राखीव ठेवा. वाटेत बेल्ट फुटलाच, तर नवा चढवण्याआधी शाफ्टला गुंडाळलेला प्रत्येक धागा उपसून काढा. एखादा मागे राहिला तर तो ऑइल सील कापतो.

ट्रॅक फिरवणारी चेन ज्या बंद पेटीत असते त्या चेनकेसचं तेल वर्षातून एकदा बदला. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर तो बोटाने चोळून बघा. करडा लगदा चालतो. चमकणारे तुकडे असतील तर चेन, दाती किंवा बेअरिंग झिजतंय.

[दृश्य: मागचा भाग स्टँडवर. ट्रॅक हळू फिरतो.]

ट्रॅकचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच ठेवावा. ट्रॅकच्या खालच्या पट्टीला ठरलेलं वजन अडकवायचं आणि तो किती मिलिमीटर खाली येतो ते मोजायचं. सैल ट्रॅक ब्रेक लावताना दात्यांवरून उड्या मारतो, धडधड ऐकू येते. घट्ट ट्रॅक बेअरिंग खातो. मग इंजिन चालू करून ट्रॅक अगदी सावकाश फिरवा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का बघा. या वेळी मागे कुणीही उभं राहायचं नाही. ट्रॅकमधला खिळा किंवा बर्फाचा खडा गोळीसारखा सुटतो.

ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्यांना हायफॅक्स म्हणतात. त्यांना वंगण म्हणजे स्नो. घट्ट बर्फावरून बराच वेळ गेलं की त्या वितळू लागतात. बहुतेक लिक्विड-कूल्ड इंजिनही ट्रॅकने उडवलेल्या स्नोनेच थंड होतं. दोन्हींवर उपाय एकच: ट्रॅकजवळचे तारेचे दात, म्हणजे स्क्रॅचर, खाली सोडा. ते बर्फ खरवडून भुगा वर उडवतात. स्कीखालच्या कठीण धातूच्या धारा, म्हणजे कार्बाइड, अर्धे झिजले असतील तर बदला, नाहीतर वळणावर स्लेड सरळच जाईल.

[दृश्य: दहा-अकरा वर्षांची मुलगी थ्रॉटलची तरफ दाबते, सोडते.]

एक काम मुलांकडे द्यावंच. इंजिन बंद असताना थ्रॉटल दाबून सोडायचा. तरफ टचकन मागे आली पाहिजे. अडकली तर आज निघायचं नाही. मग किल-स्विच, म्हणजे इंजिन झटकन बंद करणारं बटण, आणि मनगटाची दोरी. चालक पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. हे मुलांनी स्वतः करून बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

कायदाही समजून घ्या. १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला मिनेसोटात स्लेड चालवायला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. अठराच्या आतल्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. आमच्या मते ते वयाच्या ऐंशीतही हवंच. चौदाच्या आतलं मूल स्लेड चालवत महामार्ग ओलांडू शकत नाही. लहानग्यांसाठी १२० सीसीची, वेग बांधलेली छोटी स्लेड मिळते. मोठ्या स्लेडवर मूल मागे बसवायचं असेल तर ती दोघांसाठी बनवलेली असावी आणि मुलाचे पाय पायदानाला टेकावेत. टेकत नसतील तर अजून एक वर्ष थांबा.

[दृश्य: सकाळ. झाडांवर स्नो. तीन स्लेड रांगेत.]

उणे १५ अंश. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला हीच थंडी उणे ३० सारखी लागते. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चालवणारा सारखा हलत असतो, अंग तोलतो, त्याच्या मुठीखाली गरम हँडल असतं. मागे बसलेलं मूल स्वस्थ बसलेलं असतं. बाबांना उकडत असताना मुलीची बोटं बधिर झालेली असू शकतात. म्हणून दर वीस मिनिटांनी थांबा, हातमोजे काढून बोटं बघा. परत कधी फिरायचं हे सगळ्यात लहान बोटं ठरवतात. अंगालगत सुती कपडे नकोत. घाम शोषून ते ओले राहतात आणि मग थंडी वाजते. अंगाला चिकटणारा लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारा सूट.

निघण्याआधी इंजिन दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या. थंड इंजिनावर एकदम जोर दिला तर पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि आत अडकतो.

रांगेत मुलं मध्ये, पुढेमागे मोठी माणसं. डावा हात सरळ वर म्हणजे थांबा. शेवटचा स्वार डाव्या हाताची मूठ वर धरतो. समोरून येणाऱ्याला कळतं की यामागे कुणी नाही.

[दृश्य: शेतातून जाणारी वाट, दोन्हीकडे खुणेच्या काठ्या.]

मिनेसोटात अशा वाटा सुमारे २२,००० मैल आहेत. बहुतेक क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात, आणि कितीतरी ठिकाणी त्या शेतकऱ्याच्या खासगी जमिनीतून, त्याच्या परवानगीने जातात. एखादा स्वार मजेखातर काठ्यांबाहेर गेला आणि खालचं अल्फाल्फाचं, म्हणजे लसूणघासाचं, पीक तुडवलं गेलं, तर पुढच्या वर्षी ती परवानगी मिळत नाही. मग आख्खी वाट तुटते.

तळ्यावर जायचं तर नवा, स्वच्छ बर्फ किमान ५ ते ७ इंच हवा. पांढरा, दुधट बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. स्वतः छिद्र पाडून मोजा, आणि पुढे गेल्यावर पुन्हा मोजा. झऱ्याच्या तोंडाशी, पुलाखाली तो पातळ असतो. बर्फात रुतवायच्या दोन टोकदार खुंट्या गळ्यात अडकवा, बॅगेत नको. पाण्यात पडल्यावर बॅग उघडता येत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. गॅरेजमध्ये दिवा.]

परतल्यावर ट्रॅकमधला आणि सस्पेन्शनमधला स्नो झाडून टाका, टाकी भरून ठेवा, आणि मागचा भाग लाकडी ठोकळ्यावर उचला म्हणजे ट्रॅक रात्री चिकटणार नाही. हेल्मेटचं आतलं अस्तर आणि हातमोजे घरात वाळत घाला. मुलांचे आधी.